साडूंचा वेगवान प्रोसेसर

वेगावर इतकी श्रद्धा असलेला आणि स्वतः इतका सावकाश जेवणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या मावळात सापडणार नाही. तळेगावजवळच्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला ते वरणभात कालवता कालवता विचारत, "तुमच्या ऑफिसात प्रोसेसर कुठला? आणि ऑपरेटिंग सिस्टिम?" लोणावळ्याला आमच्याकडे आले, की चिक्कीवाल्याच्या बिलाच्या मशीनवर व्याख्यान देत. मागे रांग तुंबे आणि मी आपला संबंध नसल्यासारखा रस्त्याकडे बघत राही.

कारखान्यातल्या पॅकिंग लाइनवरच्या जुन्या, संथ कॉम्प्युटरची त्यांना फार लाज वाटे. "बैलगाडी आहे ती," म्हणत. साहेबांच्या मागे लागून लागून त्यांनी नव्या वेगवान प्रोसेसरचा कॉम्प्युटर आणवला, त्यावर ऑफिसात चालते तीच ताजी सिस्टिम घातली आणि मोठं गिऱ्हाईक कारखाना पाहायला आलं त्याच दिवशी तो सुरू केला. पाहुणे लाइनपाशी येऊन उभे राहिले आणि पडद्यावर अक्षरं उमटली: अपडेट चालू आहे, कृपया थांबा. लाइन थांबली, खोकी जागच्या जागी. पाहुणे थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. जुनी सिस्टिम संथ खरी, पण कामाच्या मधे स्वतःचं काम काढून कधी बसली नव्हती. साडूंनी हे जमेसच धरलं नव्हतं.

साहेब लाइनवरच्या ऑपरेटरला झापू लागले, तेव्हा साडू पुढे झाले. "त्याचा दोष नाही. मी नुसता वेग बघितला." मग स्वतःच्या हातांनी जुना कॉम्प्युटर परत जोडला आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. त्यानंतर ते कँटीनमध्ये जाईनात. शेवटी तोच ऑपरेटर दारात आला. "साहेब, जेवाया चला. मशीन हाय, बसती कवा कवा. आमी तितं तुमच्यासाठी थांबलोय." साडू गेले, पण त्यांनी मान काही वर केली नाही.

हे सारं मेहुणीनं आम्हाला सांगितलं. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा गॅलरीत मुकाट डोंगर बघत बसले. मला राहवेना. "लेकीला लॅपटॉप घ्यायचाय. प्रोसेसर कुठला बघू?" मी मुद्दाम विचारलं आणि चांगली ऐसपैस खुर्ची ओढून बसलो.

त्यांनी हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "तिला त्यावर काम काय करायचंय, ते आधी विचारा." बस्स, एवढंच. चहा निवत होता आणि मी उगाचच आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून बसून राहिलो.