तिच्या बोटावरचा आकडा

शैलाला जाऊन सहा आठवडे होत आले. भेटायला येणारे म्हणतात, किती शांतपणे गेली हो, तुम्ही शेवटपर्यंत जवळ होतात. मी मान हलवतो आणि चहा टाकायला आत जातो. कारण त्या शेवटच्या दुपारी मी तिच्याशी खोटं बोललो. छत्तीस वर्षांच्या संसारात थापा काही कमी मारल्या नाहीत, डबा पूर्ण खाल्ला, पंखा उद्या नक्की दुरुस्त करतो, वगैरे... पण हे तसलं नव्हतं. जी एकच गोष्ट खोटी सांगायची नाही असं तिनं मला बजावलं होतं, नेमकी तीच मी सांगितली.

शैला मानसशास्त्रज्ञ. आमच्या गंगापूर रोडच्या घराच्या पुढच्या खोलीत ती संमोहनानं उपचार करायची. स्टेजवर माणसाला कोंबड्यासारखं आरवायला लावतात, ते नव्हे. ती पेशंटला हळूहळू शांत करी आणि त्या शांततेत दुखणं सैल पडेल अशा सूचना देई. मी सिन्नरच्या एका कारखान्यात तापमान मोजणारी उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. काटा हलला तरच माझा विश्वास. तिच्या सूचनांची मी यथेच्छ थट्टा करत असे. एक दिवस तीच म्हणाली, "अहो, तुमचं ते यंत्र माणसाच्या बोटाला लावता येईल का?" मी म्हटलं, "हातच्या कंकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली, "कंकणाला नको, हाताला हवाय." त्यालाच बायोफीडबॅक म्हणतात, हे मला तिनं नंतर शिकवलं. मन ताणलेलं असलं की बोटं गार पडतात, निवांत झालं की तिथं रक्त येतं आणि ऊब येते. बोटाच्या टोकाला चिकटवलेला छोटा सेन्सर ती ऊब पडद्यावर अंशांच्या आकड्यात दाखवतो. सूचना शैलाची, पण शरीरानं ती ऐकली की नाही, ते यंत्र सांगणार.

निवृत्त झाल्यावर मी तिचा मदतनीसच झालो. पेशंट खुर्चीत डोळे मिटून बसलेला, शैला समोर, मी त्याच्या पाठीमागे पडद्यापाशी. मला बोलायची सक्त मनाई! आकडा चढला की मी एक बोट वर करायचं. अडला किंवा उतरला की उघडा तळवा हवेत हळूच खाली आणायचा, म्हणजे सावकाश घे. मग तिचा आवाज असा काही मंद व्हायचा की मलाच पेंग यायची. शेवटी ती पडदा पेशंटकडे वळवायची आणि म्हणायची, "हे मी नाही केलं. हात तुमचा आहे."

सायखेड्याच्या मंदाबाई पहिल्यांदा आल्या त्या थंडीत. फुलशेती करणारी बाई. पहाटे दवातली फुलं खुडताना त्यांची बोटं पांढरीफटक पडायची आणि बधिर व्हायची. त्या दिवशी सेन्सर निसटला होता आणि आकडा हलेना. मला त्यांची दया आली आणि मी उगाच बोट वर केलं. शैला म्हणाली, "बघा, ऊब येतेय." मंदाबाईंनी डोळे उघडले. "ताई, हात तर बर्फावानी गार हायेत. पन तुमी म्हन्ता तर आसंल." काय झालं ते शैलाला लगेच कळलं. तिनं तिथल्या तिथे मंदाबाईंची माफी मागितली आणि नंतर स्वयंपाकघरात माझी हजेरी घेतली. "ती बाई डोळे मिटून बसते ती आपल्या भरवशावर. तो आकडा तिचा आहे. तो खोटा झाला की उरते ती नुसती जादू, आणि मला जादू करायची नाहीये. तुमची दया तुमच्याजवळ ठेवा." मी दोन दिवस फुरंगटून होतो. महिनाभरानं मात्र मंदाबाईच ओरडल्या, "दाजी, तेहतीस!" शैला त्यांची ताई, म्हणून मी दाजी. त्यांना शैलाचा आवाज मोबाइलवर भरून हवा होता, पण तिनं दिला नाही. "माझा आवाज घरी नेऊ नका, तुमच्या शब्दांत म्हणा." आज माझ्याजवळही तो आवाज नाही, आणि याचा मला तिच्यावर भयंकर राग येतो.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. दुखण्यावरची औषधं चालूच होती, पण त्यांच्या जोडीला तिला हेही हवं असायचं. आता पलंगावर ती, आणि बोलणारा मी. यंत्राची माहितीपुस्तिका वाचल्यासारखं बोलायचो. ती हसायची आणि हसताना कळवळायची. त्या दुपारी आकडा सव्वीसवर होता, मग पंचवीस... मी बोलत राहिलो. डोळे मिटूनच तिनं विचारलं, "किती?"

"तेहतीस," मी म्हणालो.

"चढतोय?"

"चढतोय."

थोड्या वेळानं चादरीवरून तिचा हात जेमतेम उचलला गेला आणि उघडा तळवा हळूच खाली आला. सावकाश. माझीच खूण. मी सावकाश बोलत राहिलो, आणि संध्याकाळच्या आत ती गेली. तिला कळलं होतं का? कळून तिनं मला सांभाळून घेतलं, की माझ्यावर भरवसा ठेवून ती फसली? या प्रश्नानं माझा जीव कुरतडून टाकलाय. ज्या भरवशावर तिनं आयुष्यभर काम केलं, तो मी तिच्याच बाबतीत मोडला.

गेल्या सोमवारी मंदाबाई आल्या, शेवंतीची पिशवी घेऊन. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "दाजी, हात लय गार पडले हो तुमचे." आणि जे आमच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं, ते मी त्यांना सांगून टाकलं. त्या उठल्या आणि मला पुढच्या खोलीत नेऊन पेशंटच्या खुर्चीत बसवलं. सेन्सरला शैलाच्या बोटावरची चिकटपट्टी अजून तशीच होती. त्या ती काढायला लागल्या, तेव्हा मी म्हणालो, राहू द्या. पट्टी काही चिकटेना. त्यांनी फुलांच्या पिशवीतला दोरा घेऊन सेन्सर माझ्या बोटाला बांधला, यंत्र सुरू केलं आणि पडदा स्वतःकडे वळवला.

"डोळे मिटा. ऊन पडलंय, दाजी. झेंडूचा ढीग लागलाय मळ्यात. वरून गार हाय, पन आत हात घातला का ऊबदार लागतंय. घाला हात..."

आमच्या खोलीत कित्येक दिवसांनी कुणीतरी तसं बोलत होतं. न राहवून मी विचारलं, "किती?"

"चोवीस," मंदाबाई म्हणाल्या. "वाढला न्हाई अजून. खोटं न्हाई सांगायची मी."

माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पाहिलं असणार. त्या थांबल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या, आणखी सावकाश.