चेन उतरली

सुधाकरभाऊ माझ्याशी दोन वर्षं रोज खोटं बोलले.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं. खोटं मला काल कळलं.

माझं वय छप्पन्न, वजन एकशे चार किलो. तीन वर्षांपूर्वी शुगर वाढली, डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. पहिल्याच दिवशी पवनारहून परतताना धाम नदीच्या पुलापुढच्या चढावर तोंडाला फेस आला.

उतरलो. सायकल ढकलत निघालो. लाज वाटत होती.

वर आमच्या गल्लीतले सुधाकरभाऊ आपल्या जुन्या काळ्या सायकलजवळ वाकलेले. अडुसष्ट वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले मेकॅनिक.

"काय झालं भाऊ?"

"चेन उतरली गा. तू ये दमानं. तुले कोन्ती गाडी पकडाची हाये?"

मग रोज सोबत जाऊ लागलो. आणि रोज त्याच चढावर ते पुढे जायचे, अन् वर पोचले की त्यांची चेन उतरायची.

मी चिडवायचो, "मेकॅनिकचीच चेन उतरते! दिव्याखाली अंधार!"

"म्हातारी झाली बापा थे, माह्यासारखी."

दोन वर्षांत माझं सहा किलो वजन उतरलं. चढ मात्र पाय न टेकता एकदाही जमला नाही. "चढशीन एक दिवस," म्हणायचे.

मग भाऊच गेले. झोपेत, हार्ट अटॅकनं.

मी सायकल बंद केली. सहाच्या सहा किलो परत आले.

काल वहिनींनी भाऊंची सायकल पुढे केली. "तुमीच न्या. इथं पडून राह्यली."

म्हटलं, आधी चेन बदलावी लागेल.

"काऊन? हिची चेन कधी उतरलीच नाई. दर आयतवारी तेल देत होते."

मला भाऊंचे हात आठवले. रोज चेन बसवणाऱ्या माणसाचे हात मी एकदाही काळे पाहिले नव्हते.

आज सकाळी त्याच सायकलवर गेलो. गुडघे दुखतात, दम पुरत नाही, मन तर अजिबात लागत नाही. खरंच थकलोय.

अर्ध्या चढावर उतरलो. सवयीनं वर पाहिलं. कोणी नव्हतं.

रडलो. खोटं कशाला बोलू?

एक मोटरसायकलवाला थांबला. "काय झालं काकाजी?"

"काही नाही गा," मी डोळे पुसले. "चेन उतरली."

भाऊ, आता माझ्यासाठी थांबू नका. निघा तुम्ही.

उद्या परत त्या चढावर जातो. दमानं.

नमस्कार, भाऊ.