घरात माणूस आहे

ऑफिसात तिला सगळे पणताई म्हणत. कुणी काहीही सांगितलं की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'पण'. नवरा म्हणायचा, "लग्नाची बोलणी चालू असतानासुद्धा हिने माझ्या आईला दोन-तीन 'पण' ऐकवले. आई गार पडली आणि मी खूश!"

आजाऱ्यांच्या घरी परिचारिका पाठवणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीला होती. परिचारिका कुणाला द्यायची, हे तिथे एक रूल इंजिन ठरवायचं. म्हणजे नियम लावणारा प्रोग्राम. त्याला माणूस दिसत नाही. त्याला लागतात छोटी, सरळ विधानं. अमक्याला उठता येत नाही. अमक्याच्या घरात दुसरं माणूस आहे. अर्जांतल्या माहितीला अशा विधानांचा आकार द्यायचा, हे पणताईचं काम. त्यांना ती 'तथ्यं' म्हणायची. नव्याने लागलेल्यांना बजावायची, "आपण जे सांगितलं नाही, ते त्याच्या लेखी नाहीच."

एका सकाळी एका म्हाताऱ्या शिंप्याचा फोन आला. मांडीचं हाड मोडून तो अंथरुणाला खिळला होता, आणि इंजिनाने त्याला नकार दिला होता.

"घरात माणूस आहे म्हणून परिचारिका नाही म्हणता? अहो बाई, माझी बायको मला ओळखतसुद्धा नाही, आणि तुम्ही मला तिच्या भरवशावर सोडताय!"

साहेबांनी ऐकून हात झटकले. "त्यात काय एवढं? 'घरात माणूस नाही' असं टाक. मिटलं."

"पण साहेब, बायको आहे ना त्यांची! तिच्या गोळ्याही आपणच पोचवतो. ती घरात नाही म्हटलं, तर दुसरा नियम त्या बंद करेल."

"मग नियम बदल."

"नियम ठीक आहे. आपणच त्याला अर्धवट सांगितलंय."

संध्याकाळी घरी जाताना ती वाट वाकडी करून शिंप्याकडे गेली. एकच खोली. पलंगाला खेटून शिलाई मशीन, त्यावर औषधांच्या बाटल्या. म्हातारी खिडकीशी बसून एकाच टॉवेलची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"आजी, हे तुमचे कोण?" पणताईने विचारलं.

"शिंपी आहेत." म्हातारी हळूच म्हणाली. "माणूस फार चांगला. मला कोट शिवून देणार आहेत."

शिंप्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पणताईने स्टोव्हवर चहा ठेवला, दोघांना दिला आणि स्वतःही घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तिने तथ्यांची मांडणीच बदलायला घेतली. 'घरात माणूस आहे' हे एकच तथ्य मोडून घरातल्या प्रत्येकाचं वेगळं तथ्य केलं, आणि कोण कुणाची काळजी घेऊ शकतं, हे आणखी वेगळं. जिथे ठाऊक नाही तिथे 'माहीत नाही' हेसुद्धा एक तथ्य. ते दिसलं की इंजिनाने निकाल न देता ऑफिसातल्या कुणाला तरी त्या घरी फोन करायला सांगायचं.

जुने अर्ज पुन्हा चालवले तेव्हा 'माहीत नाही'चा ढीग लागला. सगळ्यांच्या मानेवर फोनचं जोखड आलं. "पणताई, काय ही ब्याद आणलीस!" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण करवादली. साहेब दोन दिवस घुश्शात होते, तिसऱ्या दिवशी मात्र तेही रिसीव्हर कानाला लावून कुणा आजोबांना विचारत होते, "सून घरी असते, पण तुम्हाला उचलते का ती?"

शिंप्याला परिचारिका मिळाली. आठवड्याभराने त्याचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "तुम्ही पाठवलेली पोरगी माझ्या कात्र्या कुठेतरी नेऊन ठेवते. म्हणते, आजींच्या हाताला लागतील."

"बरोबरच आहे तिचं. सांगू का तिला काही?"

"नको, नको." तो घाईने म्हणाला. मग आवाज उतरवून, "काल ही पोटभर जेवली. त्या पोरीच्या हातून."

"आणि तुम्ही?"

"मीही जेवलो की."