बिरोबाचं अजीर्ण

अंबूबाईचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. तरी आमच्या भागात बिरोबा जर कुणाच्या अंगात खरा शोभला असेल, तर तिच्याच. आता ती नाही, म्हणून सांगते. असती तर माझं थोबाड रंगवलं असतं.

मी रहिमतपूरची, दहावी पास. दिली मात्र माण तालुक्यात, मेंढरांच्या घरात. नवरा मुंबईला माथाडी. तिकडून त्यानं दोन वस्तू आणल्या, एक टेपरेकॉर्डर आणि एक हा आजार. टेपरेकॉर्डर महिन्याभरात बिघडला. अठ्ठ्याण्णव साली अमृत पोटात असताना माझं रक्त तपासलं, तेव्हा दुसरीचा पत्ता लागला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, डॉक्टर खोटारडा आहे, आणि सकाळची मुंबईची एसटी धरली.

तपासायला मी मुद्दाम सांगलीला गेले होते. साताऱ्याकडची माणसं सांगलीला जायची आणि सांगलीकडची साताऱ्याला, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून. एसटी महामंडळानं आमचा सत्कारच करायला हवा होता.

तिथं एका संस्थेच्या मागच्या खोलीत आमच्यासारख्या बाया जमायच्या. भिंतीवरच्या पोस्टरवर ही मोठी कवटी, खाली लिहिलेलं, ‘एड्स म्हणजे मृत्यू’. धीर द्यायची खोली म्हणे. मी दारातच रडायला लागले. तोंडात मिश्री घेतलेली एक सडसडीत बाई उठली, तिनं पोस्टरच्या खिळ्याला पिशवी अडकवून ती कवटी झाकली आणि म्हणाली, “त्येच्याकडं बगू नगंस. त्यो मरून बी हसतोय, आपुन तर जित्या हाय.”

हीच अंबूबाई. निघाली आमच्या शेजारच्याच वाडीची. एवढा प्रवास करून तोंड लपवायला गेले आणि भेटली कोण, तर जिच्या शेळ्या आमच्या बांधावर चरायच्या ती. नवरा याच आजारात गेलेला. गावात सांगायची, दारूनं गेला. ते लोकांना पटायचं.

अमृत झाला. आता गोळ्या आल्यात, आया पोरांना अंगावर पाजतात. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगावर पाजू नका, दुधातून जातं. सांगायला त्यांचं काय जातंय. घरी सासूबाई होत्या, रंगूबाई. बाळंतिणीनं पोराला छातीशी घेतलं नाही, तर त्या अख्खा गाव गोळा करणार.

तिसऱ्या दिवशी अंबूबाई दुभती शेळी घेऊन दारात हजर. सासूबाईंपुढं बसली आणि तोंड पाडून म्हणाली, “आवं रंगूबाई, सपान पडलं. बिरोबा म्हनतोय, ह्या पोरीचं दूध मला वाहा, पोरगं मी जगवतो.” सासूबाईंची आधीची दोन नातवंडं, थोरल्या जावेची, तान्ही असतानाच दगावलेली. त्यांनी तिथंच हात जोडले. माझं दूध रोज वाटीत पिळून देवळामागं ओतलं जाऊ लागलं, आणि अमृत उकळलेल्या शेळीच्या दुधावर वाढू लागला. देवाच्या नावावर खोटं चाललंय याचं मला काही वाटलं नाही. त्यानं तरी माझ्यासाठी काय केलं होतं?

अमृत चार महिन्यांचा असताना तापला. मला दम निघेना. तालुक्याच्या एका लॅबवाल्याकडं परस्पर रक्त दिलं. तो म्हणाला, पॉझिटिव्ह. मी घरी आले आणि पोराला घोंगडीवर टाकून नुसती बसून राहिले. दूधसुद्धा तापवलं नाही.

अंबूबाईला कळलं तशी ती आली आणि माझ्या पाठीत जोराचा धपाटा घातला. “दीड वरीस हुईपतोर पोराच्या रगतात आईचंच रगत बोलतंय, डाक्टरनं सांगितलं हुतं का न्हाई? लगीच सांगनारी तपासनी कुटं मोट्या शहरात आसंल, हितं न्हाई. त्या लॅबवाल्याचा मुडदा बशिवला. ऊठ, दूध तापव.” मग शेळीजवळ बसून, माझ्याकडं न बघता, तिनं सोनीचं सांगितलं. सोनी तिची लेक. तिचंही असंच लवकर रक्त काढलं, असाच कागद आला. सासरच्यांनी ठरवलं, पोर मरणारच आहे, औषधपाणी कशाला? हगवण लागली तरी कुणी दवाखान्यात नेलं नाही. वर्षाचीही झाली नव्हती. मी दूध तापवलं.

इथवर ठीक होतं. पण अमृत बाळसं धरून गुटगुटीत झाला आणि घोटाळा झाला. सासूबाई गावभर नवसाची कीर्ती गात होत्या. हंबीरराव म्हणजे आमचे माजी सरपंच. त्यांच्या बायकोनं आपल्या चांगल्या धडधाकट सुनेचं दूध बिरोबाला वाहून टाकलं. सून रडतेय, पोर पाण्यासारख्या पातळ दुधावर वाळतंय, आणि ह्या बाई म्हणतात, देव परीक्षा बघतोय. आणखी दोघी रांगेत होत्या.

खरं सांगावं तर मी आणि अमृत गावाबाहेर. न सांगावं तर ते लेकरू मरतंय. अंबूबाई म्हणाली, “म्या घातलेला घोळ हाय, म्याच निस्तरते.”

रविवारी देवळात ढोल वाजत होते. अंबूबाईनं केस सोडले आणि घुमायला लागली. जन्मात कधी घुमली नव्हती, पण असा भंडारा उधळला की पुजारी मागं सरला. म्हणाली, “बास करा! किती दूध पाजताय मला? अजीर्ण झालंय!”

हंबीररावांची बायको पाया पडली. “चुकलं देवा. मग सुनंला पाजू दे का?”

“आत्ताच्या आत्ता पाजू दे!”

माझ्या सासूबाई लगबगीनं पुढं. “आन आमच्या मायानं?” त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

“तिचं ऱ्हाऊ दे,” देव म्हणाला. “तिचं मला सोसतंय.”

मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. पण अंबूबाई थांबलीच नाही. घुमता घुमता आवाज फिरला. “पोरं उपाशी मारू नगा रं. माजी पोरगी मेली. कुनी दवाखान्यात न्हेली न्हाई. कुनी न्हेली न्हाई.” बाया एकमेकींकडं बघू लागल्या. बिरोबाला पोरगी कधी होती? पुजारी म्हणाला, असेल, देवाचं आपल्याला काय कळतं. मी पुढं होऊन तिला धरलं. सगळं अंग थरथरत होतं, आणि ते सोंग नव्हतं.

अमृतला दीड वर्ष झालं तशी आम्ही त्याला घेऊन सांगलीला गेलो. अंबूबाई तोवर खोकल्यानं अर्धी झालेली, तरी वाटेत कंडक्टरशी शेळीच्या तिकिटावरून भांडली. शेळी बरोबर नव्हती, जुनं भांडण होतं. खोलीतली कवटी कुणीतरी काढली होती. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, निगेटिव्ह आहे, पोरगा सुटला. मी अमृतला उचलून घेऊन बाकावर बसले. हसले की रडले, ते आठवत नाही.

अंबूबाई उभीच होती. तिनं विचारलं, “डाक्टर, माज्या सोनीचं बी लौकरच काढलं हुतं रगत. ती बी अशीच निगाली आसती का वो?”

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “निघाली असती, अंबूबाई. बरीच मुलं निघतात.”

“बरं,” ती म्हणाली. अमृतला माझ्याकडून काढून घेतला, बाकावर बसली आणि पिशवीतली दुधाची बाटली त्याच्या तोंडाला लावली. बाटली संपली तरी तिनं त्याला खाली ठेवलं नाही. परतीच्या एसटीची वेळ टळून गेली, तरी मी तिला उठवलं नाही.