दर गुरुवारी जन्मणारा साडू

बहरीनमध्ये मी अर्धं आयुष्य काढलं, आणि तेवढ्या काळात दोनच गोष्टी कधी बंद पडलेल्या पाहिल्या नाहीत. एक रिफायनरीच्या चिमणीवरची आग आणि दुसरं आमच्या साडूचं तोंड. आग निदान एका जागी असायची. साडूचं तोंड जिदहफ्सपासून रिफापर्यंत फिरायचं आणि जाईल तिथे खात तरी असायचं, नाहीतर बोलत तरी. बहुतेक वेळा दोन्ही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. जिदहफ्सच्या बाजारात त्याचं शिंप्याचं दुकान होतं, अरबांचे पांढरे झगे शिवायचा. मी पाइप जोडणारा माणूस, चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, त्यामुळे मला वर्णन सजवता येत नाही. सरळ सांगतो. बुटका, पोट पुढे, मिशी पोटाच्याही पुढे, आणि गळ्यात मोजायची टेप. दुकान बंद झालं तरी ती टेप उतरायची नाही. नमाजापुरती खिशात जायची, की परत गळ्यात. समोरच्याच्या तोंडाकडे तो बघायचाच नाही, खांद्याकडे बघायचा. आमच्या कंपनीचा मोठा साहेब एकदा रस्त्यात भेटला, तर मी ओळख करून द्यायच्या आधीच साडू त्याला म्हणाला, "साब, आपका दाहिना कंधा गिरेला है, कपडा जास्ती लगेगा." साहेब महिनाभर उजवा खांदा वर करून चालायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

कुवेतची लढाई संपल्यानंतरची ती वर्षं. सलमानियात आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक हॉटेल उघडलं. मालक तिथलाच बहरीनी, अमेरिकेत शिकून आलेला. तिकडे जे खाल्लं ते इकडे विकायला काढलं, लोखंडी तव्यावर चरचरत येणारे मांसाचे जाड तुकडे आणि टाको. पाटीवर मोठी टोपी घातलेला बैल होता, म्हणून आम्ही सगळे त्याला 'टोपीवाला बैल' म्हणायचो. गुरुवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. दुसऱ्या दिवशी सुट्टी, मग काय. जहाजावरचे गोरे, पोराबाळांसकट अरब, मुंबई-पुण्याचे टाय लावलेले हिशेबनीस. चौकटीचे शर्ट घातलेले फिलिपिनो वेटर त्या गर्दीतून धुराचे तवे डोक्यावर धरून नाचत जायचे. आणि दाराजवळच्या टेबलावर आमचा साडू. त्याने ते हॉटेल पहिल्या दिवशीच आपलं मानलं होतं. मालकाला ते हळूहळू कळलं.

साडू मेन्यूकार्ड वाचायचा नाही. म्हणायचा, "कागद वाचून काय कळतं? कपडा हातात घेतल्याशिवाय मी घेतो का?" मग उठायचा आणि टेबलाटेबलावरून फिरत लोकांच्या ताटल्यांत वाकून बघायचा. सगळ्यांना अरबीत 'सदीक', म्हणजे दोस्त, म्हणायचा. "सदीक, ये क्या है? गुड? गरम है?" एका दांडग्या गोऱ्याने त्याला हाकलायच्या ऐवजी काट्यावर तुकडा लावून दिला. साडूने तो तिथेच उभ्याने खाल्ला, मान हलवली, गोऱ्याच्या खांद्याचं माप डोळ्यांनी घेतलं आणि परत येऊन म्हणाला, "तेच मागवू. माणूस बरा आहे, बाही आखूड आहे." मांस आलं की पहिल्यांदा ते परत जायचं. सुरी लावून आत लाल दिसलं की वेटरला म्हणायचा, "हे जनावर अजून चरतंय. घेऊन जा." दुसऱ्यांदा आलं की, "आता नुसतं बसलंय." तिसऱ्यांदा काळं ठिक्कर होऊन आलं की म्हणायचा, "हां, आता गेलं बिचारं," आणि खिशातून कॅमेऱ्याच्या रिळाची रिकामी डबी काढायचा. तिच्यात सुक्या बोंबलाची चटणी. आमच्या सासूबाई गावाहून कुणी येणार असलं की त्याच्याबरोबर पाठवायच्या. ती मांसावर शिंपडली की आजूबाजूची दोन टेबलं खोकायला लागायची. टाकोला तो पापडाची होडी म्हणायचा. ती खाताना मान इतकी वाकडी करायचा की वाटावं, माणूस गाडीखाली काही पडलंय का बघतोय.

पण त्याचा खरा पराक्रम वेगळाच होता. त्या हॉटेलात वाढदिवस असेल त्याच्या डोक्यावर मोठी गवताची टोपी ठेवायचे, वेटर टाळ्या वाजवत गाणं म्हणायचे आणि आइस्क्रीमचा मोठा पेला फुकट यायचा. साडूने हे पहिल्या गुरुवारी पाहिलं. दुसऱ्या गुरुवारी त्याचा वाढदिवस होता. तिसऱ्याही गुरुवारी होता. चौथ्या गुरुवारी वेटरने लांबूनच विचारलं, "हॅपी बर्थडे अगेन, सर?" साडू शांतपणे म्हणाला, "अल्लाची मेहेरबानी." मालकाने एकदा हसत विचारलं, "हाजी, तुम्ही जन्मलात तरी किती वेळा?" तर म्हणाला, "आमच्या गावात त्या वेळी लिहून ठेवायची पद्धत नव्हती. मी कुठलाच दिवस सोडत नाही, न जाणो, तोच असला तर?" मालकाने हात टेकले. त्या दिवसापासून गुरुवारचं एक आइस्क्रीम साडूच्या नावाने धरलेलंच असायचं.

त्याच वर्षी आमच्या सासूबाई गेल्या. गावाहून फोन आला तेव्हा माती देऊन झाली होती. माझी बायको हमीदा फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली, माझ्यासाठी भाकरी थापली, मला वाढलं आणि म्हणाली, "मी नंतर खाते." ते नंतर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. चहात बुडवून एखादं बिस्कीट, बस. मी ओरडलो, विनवलं, शेवटी नाद सोडला. चक्कर येऊन पडली तेव्हा सलमानियाच्या इस्पितळात नेली. सलाईन लावली. डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, "आजार काही नाही. पण खाल्लं नाही तर आजार यायला वेळ लागणार नाही." आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवसभर मी साइटवर, ही चार भिंतींत. मी ठरवलं, पुढच्या शुक्रवारच्या विमानाने हिला गावी पाठवायची. गावी तरी कोण होतं? आईच्या घराला कुलूप. पण इथे ती माझ्या डोळ्यांसमोर विझत चालली होती आणि मला पाइप सोडून दुसरं काही जोडता येत नाही.

साडूला सांगायला गेलो. तो मशीनवर होता. म्हणाला, "मला काय सांगतोस, मिस्तरी? दोन महिन्यांत तिच्या कुर्त्याची शिवण मी दोनदा आत घेतलीय. आता आत घ्यायला कापड उरलं नाही." मग दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, "शुक्रवारी विमान ना? गुरुवारी टोपीवाल्या बैलाकडे आण तिला."

मी भडकलो. "डोकं फिरलंय का तुझं? बाई शोकात आहे आणि तुला आइस्क्रीम सुचतंय?"

"घरात बाईला पळायला स्वयंपाकघर असतं," साडू म्हणाला. "पाणी आणते, भाकरी बघते, म्हणून उठली की संपलं. हॉटेलात कुठे पळेल? तू आण."

आणली. कशी आणली ते माझं मला माहीत. साडूने त्या दिवशी दाराजवळचं टेबल सोडून कोपऱ्यातलं घेतलं. हमीदाला भिंतीकडे बसवली आणि तिच्या शेजारी आपाला, म्हणजे आपल्या बायकोला. आपा बसली की तिथून मांजरसुद्धा बाहेर पडू शकत नाही. चौघांच्या चार ताटल्या आल्या. साडूने त्या बघितल्या आणि वेटरला म्हणाला, "ये नहीं. बडा ट्रे लाओ. सब इसमें डालो."

"सर, ट्रे नॉट फॉर ईटिंग," वेटर घाबरून म्हणाला.

आवाज ऐकून मालक आला. साडूने त्याला हाताने गोल करून दाखवलं, मग आम्हा चौघांकडे बोट फिरवलं. मालकाला कळायला वेळ लागला नाही, त्याच्याही घरी सगळे एका परातीभोवतीच बसायचे. "यल्ला!" म्हणाला आणि स्वतः आत जाऊन घरचा भात ज्यात यायचा ती भली मोठी परात घेऊन आला. त्यात भात, त्यावर मांसाचे तुकडे, कडेने पापडाच्या होड्या. काटे-सुऱ्या साडूने गोळा करून वेटरच्या खिशात खोचल्या.

हमीदा परातीकडे बघत राहिली. लहानपणी त्या दोघी बहिणी आणि त्यांची आई अशाच एका परातीत जेवायच्या. सासूबाईंचा नियम कडक होता. आपल्यासमोरचं खायचं, आणि सगळ्यांचं पोट भरल्याशिवाय कुणी हात उचलायचा नाही. एकाचा हात उठला की लाजेने दुसऱ्याचाही उठतो, मग तो उपाशी राहिल्याचं पाप पहिल्यावर.

आम्ही बिस्मिल्ला म्हटलं. हमीदाने दोन शितं उचलली, ओठांना लावली आणि हात मांडीवर ठेवला. तेवढ्यात साडूनेही हात परातीतून काढून घेतला.

मी हे लिहितोय तरी अजून मला खरं वाटत नाही. समोर चरचरतं मांस, आणि आमचा साडू हात बांधून बसलाय! मिशी थरथरत होती, कपाळावर घाम, आणि पोटातून असा आवाज की शेजारच्या टेबलावरच्या पोराने वळून बघितलं.

"दुल्हाभाई, खा ना तुम्ही," हमीदा म्हणाली.

"कसा खाऊ? अम्माने शिकवलंय. एक हात उठला की सगळे उठले."

"मी कुठे उठलेय? बसलेय की."

"हात मांडीवर आहे. मांडी जेवत नाही."

आपा म्हणाली, "हमीदा, हा माणूस आमच्या निकाहात काझी यायच्या आधी जेवून बसला होता. आज उपाशी बसलाय. काही झालं तर मय्यत उचलायला चार नाही, आठ लागतील. बघ बाई."

हमीदाने एक घास घेतला. साडूने लगेच एक घेतला. ती थांबली, तो थांबला. तिने बघितलं, खरंच थांबलाय. घास हातात धरलाय, तोंडापाशी नेऊन परत खाली आणतोय, डोळ्यांत पाणी यायची वेळ आलीय. तिने दुसरा घेतला. त्याने दुसरा. मग ती बारीक आवाजात म्हणाली, "याला तिखटच नाही. अम्मा असती तर उठून गेली असती."

साडूने खिशातून डबी काढली. तळाशी थोडी चटणी होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, सासूबाई गेल्यापासून इतक्या गुरुवारांत त्याने ती डबी उघडलीच नव्हती. सगळी त्याने हमीदाच्या समोरच्या भातावर पालथी केली. स्वतःसाठी बोटाला लागलेलीसुद्धा ठेवली नाही.

मग हमीदा रडली. रडत रडत जेवली. साडू घासाला घास लावत होता, आपा नाक पुसत होती, आणि मी गाढवासारखा खात होतो, कारण हात उचलायची सोय नव्हती. परात घासल्यासारखी झाली. तिने शेवटची होडी उचलली, मान वाकडी केली, ती मधोमध फुटून खिमा तिच्या मांडीवर पडला, आणि हमीदा हसली. कितीतरी दिवसांनी. मालकाने लांबून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. त्याचा उद्देश काय होता माहीत नाही, पण वेटरांना वाटलं इशारा झाला. ते गवताची टोपी आणि आइस्क्रीम घेऊन गात धावत आले आणि सवयीने साडूच्या डोक्यावर टोपी ठेवायला गेले. साडूने टोपी हातात झेलली आणि हमीदाच्या डोक्यावर ठेवली. तिच्या नाकापर्यंत आली.

"माझा खलास," तो वेटरला म्हणाला. "आज हिचा."

सगळं हॉटेल गायला लागलं. गोरे, अरब, टाय लावलेले, सगळे. टोपीखालून फक्त तिचे दात दिसत होते. त्यानंतर मोठमोठी लग्नं खाल्ली, पण तसा मान पुन्हा पाहिला नाही. शुक्रवारी विमान गेलं. ते तिच्याशिवाय गेलं. पुढच्या ईदेला साडूने तिच्या कुर्त्याच्या दोन्ही शिवणी उसवल्या आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, वजिराने किल्ला जिंकल्यासारखं, ते कापड दाखवलं.

पुढे आम्ही सगळे आपापल्या गावी परतलो. आपा आधी अल्लाला प्यारी झाली. गेल्या उन्हाळ्यात हमीदा गेली. घरात भांडी आहेत, चूल आहे, मला भूक लागत नाही एवढंच. माणसं येतात, बसतात, धीर धर म्हणतात. मी धरतो.

एके दिवशी दुपारी रिक्षातून साडू उतरला. मिशी पांढरी, पोट गेलेलं, हातात काठी, गळ्यात टेप. फातिहा पढला नाही, धीर दिला नाही. आल्या आल्या माझ्या सदऱ्याची बाजू चिमटीत धरली, मोकळं कापड बोटांनी मोजलं आणि म्हणाला, "मिस्तरी, शिवण आत घ्यावी लागेल." मग रिक्षातून परात उतरवली. फडकं काढलं. भात होता, वर मटण. काळं ठिक्कर.

आम्ही समोरासमोर बसलो. मी दोन शितं उचलली आणि हात मांडीवर ठेवला. साडूचा हात तिथेच थांबला. तो हात परातीवर धरून माझ्याकडे बघत बसला, खांद्याकडे नाही, तोंडाकडे. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. साडूला ऐकू कमी येतं, की त्याने ऐकायचं नाही ठरवलं होतं, कोण जाणे.

मी घास घेतला. त्याने घेतला. परातीच्या दोन बाजूंचा भात तसाच होता. आमच्या समोरचा संपला तेव्हा साडूने आपाकडचा भात स्वतःकडे ओढला, हमीदाकडचा माझ्याकडे लोटला, आणि म्हणाला, "आज गुरुवार आहे, लक्षात आहे ना?"