नववा पट्टा

३ मार्च रोजी क्रीडासंस्थेने सरावाच्या फरशीसाठी एक लाख अठ्ठेचाळीस हजार चारशे रुपये मंजूर केले. गादीकाकांनी फोमचे नऊ पट्टे मागितले होते. या रकमेत सात बसले.

हॉलची जमीन सिमेंटची. ती झाकायला नऊ पट्टे लागत, प्रत्येक सहा फूट रुंद आणि बेचाळीस फूट लांब. सकाळी ते उलगडायचे, कडेच्या चिकटपट्ट्यांनी एकमेकांना जोडायचे आणि जोडात कुठे बोट शिरत नाही ना, हे रांगत रांगत तपासायचं. काका हे काम एकोणीस वर्षं करत होते. त्या फरशीवर चिअरलीडिंगचा संघ सराव करी. तीन मुली चौथीला तळहातांवर उभी करत, तिथून तिला वर उडवत आणि खाली येताना झेलत. झेल चुकला की मध्ये फक्त काकांची फरशी. पगारपत्रकात त्यांचा हुद्दा शिपाई असा होता, पण कोणी तसं म्हटलेलं त्यांना खपत नसे.

फोमलाही वय असतं. अंगठा दाबून उचलला आणि खळगा तसाच राहिला, की काका म्हणत, "हा मेला." असे मेलेले दोन पट्टे त्यांनी दोन्ही टोकांना टाकले, पहिला आणि नववा. नवे सात मध्ये. मेलेल्या पट्ट्यांच्या अलीकडे त्यांनी लाल रेघ मारली आणि सगळ्यांना बजावलं, की रेघेपलीकडे नाचा, उड्या मारा, पण कोणाला उचलायचं नाही.

"काका, रेघेपलीकडे शिंकलं तर चालेल का?" चिमणी विचारी. ती वर उभी राहणारी, अडतीस किलोची, तोंडाने मात्र दोघींना पुरून उरणारी.

"शिंक की. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून शिंक."

"आणि तुमच्या खांबाला शिंक आली तर? मी वर असते हो!"

खांब म्हणजे काकांची मुलगी. सतरा वर्षांची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. चिमणीच्या डाव्या पायाखाली तीन वर्षं तिचेच हात होते. घरी गव्हाचं पोतं हलवतानाही ती गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून उचली. आई हसायची, "अगं, ते पोतं आहे, चिमणी नव्हे." राज्य संघाची निवड तोंडावर आली होती. आपली मुलगी त्या यादीत असणार, हे काकांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. पण जाता येता यादी लागायच्या फळ्याकडे त्यांची नजर जाई.

स्पर्धेला बारा दिवस उरले असताना प्रशिक्षक बाईंनी रचना बदलली.

"काका, तिसरा गट शेवटच्या पट्ट्यावर न्यावा लागणार. सगळी फरशी वापरली नाही तर गुण जातात."

"तो पट्टा मेलाय, बाई."

"माहितीये. म्हणून तर तुमच्याकडे आले. यातून मार्ग काढाल तर तुम्हीच."

एकोणीस वर्षांत असं वाक्य काकांच्या वाट्याला आलं नव्हतं. ते कोठीत गेले. कोलांटउडी शिकवायची आठ इंची मऊ गादी तिथे भिंतीला टेकून उभी होती. ती ओढत आणून त्यांनी नवव्या पट्ट्यावर अंथरली, वर गुडघ्यांवर आपटून पाहिलं आणि थोपटली.

"घ्या. आता वरून पडलात तर तिथेच झोप लागेल."

पोरी हसल्या. तिसरा गट गादीवर चढला. खांबाने पाय रोवला, काढला, पुन्हा रोवला.

"बाबा, पाय आत जातोय."

"मऊ आहे म्हणून जातोय. तुझ्या पायाचं काय घेऊन बसलीस, वरून पडणारीचा विचार कर."

ती गप्प झाली. सरावाच्या वेळी ती त्यांना बाबा म्हणत नसे, काकाच म्हणे. त्या दिवशी बाबा म्हणाली, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

वरच्या मुलीला मऊ लागतं, खालच्या मुलीला टणक. खालचीची टाच रुतली की वरचा सगळा डोलारा कलतो. काका हे नव्या प्रशिक्षकांना स्वतः शिकवत. त्या सकाळी मात्र त्यांच्या डोक्यात एकच होतं, पोरगी पडली तर लागू नये. पोरगी पडूच नये, हा विचार मागे राहिला.

दोन फेकी नीट झाल्या. तिसऱ्या फेकीला चिमणी वर गेली आणि खांबाची टाच गादीत रुतून घोटा मुरगळला. गट वीतभर सरकला. तेवढं पुरलं. चिमणी हातांना चाटून गादीच्या कडेवर आली, कड तिच्या वजनाने दबून कलली आणि ती पट्ट्यांच्या बाहेर घसरून उघड्या सिमेंटवर पाठीवर पडली. फार मोठा आवाज झाला नाही. "मी ठीक आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझे पाय कोणी धरलेत?"

पाय कोणीच धरले नव्हते.

महिन्याभराने डॉक्टर "बघू" म्हणायचे थांबले. संस्थेचा अहवाल त्याच सुमारास आला, एका ओळीचा: खालच्या खेळाडूचा तोल गेल्याने अपघात. काका चिटणिसांच्या टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, गादी मी घातली. तसं लिहा."

"काका, गादी घातली लिहिलं, की का घातली ते लिहावं लागतं. मग नऊऐवजी सात पट्टे का घेतले, तेही आलं."

"येऊ दे."

"तुमची दोन वर्षं राहिलीत ना? नीट निवृत्त व्हा. पोरीचं नाव कुठे घेतलंय आम्ही? खालचा खेळाडू म्हटलंय."

"खालचा खेळाडू म्हणजे कोण, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल, साहेब."

काकांनी दोन पानी जबाब स्वतःच्या हाताने लिहून दिला. त्यावर आवक शिक्का बसला. उत्तर आलं नाही. राज्य संघाची यादी फळ्यावर लागली तेव्हा काका तिकडे फिरकले नाहीत. मुलीने सराव कधीच सोडला होता.

ती दिवसभर स्वयंपाकघराच्या कट्ट्याशी बसून राही. भाजी चिरायला दिली तर चिरी. तिच्या हातात जड काही दिलं की मात्र खाली ठेवी, पाण्याची कळशीसुद्धा. एका दुपारी काका तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"ऐक. तुझा पाय चुकला नाही. माझी गादी चुकली. खाली टणक लागतं हे मीच लोकांना शिकवतो, आणि मीच विसरलो. तुझा काडीचा दोष नाही."

ती नखाने फरशीवरचा डाग खरवडू लागली.

"तुम्ही विसरलात, बाबा. मला तर कळलं होतं. पाय आत जातोय हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तरी मी तिला वर घेतलं."

"मी तुला गप्प केलं."

"तुम्ही गप्प केलंत म्हणून मी गप्प बसले. दोन वेळा. तिसऱ्या वेळी तुम्ही तर तिथे नव्हतातही, चहा घ्यायला गेला होतात."

कबुली दिली की तिच्या पाठीवरचं ओझं आपल्या पाठीवर येईल, असं काकांनी धरलं होतं. ते तसूभर हललं नाही. उलट आता ती मोजून सांगत होती, कुठल्या क्षणी आपण हात खाली घ्यायला हवे होते. एक, दोन, तीन. आतून तिची आई म्हणाली, "पुरे करा आता." कोणाला म्हणाली, ते दोघांनाही कळलं नाही.

अपघाताच्या दिवशी मुलीला इस्पितळातून घरी न्यायचं होतं आणि काकांचं पाकीट हॉलवर राहिलं होतं. चिमणीच्या आईने बाहेर येऊन टॅक्सी थांबवली, भाडं आधीच चालकाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हिला घरी न्या, भाऊ. ही काही खाल्ल्याशिवाय झोपायची नाही." आत स्वतःची मुलगी तशी पडलेली असताना.

काका पैसे परत द्यायला दोनदा गेले. तिने घेतले नाहीत. "तुमच्या पोरीला पाठवा द्यायला," ती दारातून म्हणाली. "चिमणी रोज विचारते, खांब का येत नाही म्हणून."

मुलगी गेलेली नाही. टॅक्सीचे एकशे चाळीस रुपये द्यायचे बाकी आहेत.