उघडा लॅपटॉप

आवराआवरीत आज जुन्या रूममेटच्या लॅपटॉपचा चार्जर सापडला आणि जांभ्या दगडाची ती भाड्याची खोली आठवली. तो अपघातात गेल्यावर त्याचे वडील धरणापलीकडच्या गावाहून सामान न्यायला आले होते. लॅपटॉपवर त्याचा प्रोग्राम अजून चालूच होता. तयार कोडच्या एका लायब्ररीच्या आधारानं लिहिलेला, एका हाकेला उत्तर देऊन न संपता पुढच्या हाकेसाठी जागा राहणारा. मी बटण दाबून दाखवलं. पडद्यावर त्याचेच शब्द आले, "हाय मी हितंच, बोला." वडिलांनी स्वतः दाबलं, मग पुन्हा पुन्हा दाबत राहिले. "झाकण लावलं की गप व्हईल का ह्यो?" मी हो म्हणालो. तेव्हा लॅपटॉप तसाच उघडा मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले. मी वर आलो, तर चार्जर भिंतीलाच लागलेला. बॅटरी वाटेत कुठं संपली, ते त्यांना विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.